एक ओरखडा घरी, एक बॉडी शॉपमध्ये: काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या गाडीच्या एकाच बाजूला दोन दुरुस्त्या आहेत. पुढच्या दारावरचा लांब, बारीक ओरखडा मी घरी भरला. मागच्या चाकावरच्या फेंडरवर तळहाताएवढा रंग खरवडला गेला होता, तो बॉडी शॉपमधून करून घेतला. सुरुवातीला दोन्ही कामं सारखीच छान दिसत होती. ऊन, पाऊस आणि भरपूर धुणं झाल्यावर खरा फरक कळायला लागला, म्हणून आता लिहिते आहे.

घरी करायचं की बाहेर, हे ओरखड्याच्या खोलीवर आणि रुंदीवर ठरतं. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते. त्यात गंजरोधक थर, प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर), बेस कोट (प्रत्यक्ष रंगाचा थर) आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, एवढं सगळं येतं. ओरखडा ओला करून बघा. पाण्याने खूण दिसेनाशी झाली आणि नखही अडकलं नाही, तर इजा बहुधा क्लिअर कोटपुरतीच आहे, रबिंग कंपाउंडने, म्हणजे बारीक घासणाऱ्या पेस्टने, ती जाते किंवा बरीच फिकी पडते. पुष्कळदा समोरच्या वस्तूचाच रंग आपल्या गाडीला लागलेला असतो, तोही कंपाउंडनेच निघतो. आत प्रायमरचा करडा रंग दिसला तर टच-अप, म्हणजे त्याच छटेचा रंग भरणं, लागणारच. आणि पत्रा उघडा पडला असेल तर चालढकल नको, गंज एकदा रंगाखाली शिरला की पुढचं काम दुप्पट होतं.

दारावरचा ओरखडा प्रायमरपर्यंत गेला होता. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मिळाला. टच-अपच्या बाटलीतला ब्रश अशा कामाला फार जाड पडतो, मी टूथपिकने रंग सोडला. जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली, कारण जुन्या वॅक्सवर रंग धरत नाही. पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा. रंग वाळताना बसतो, त्यामुळे भर आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर येईपर्यंत थांबले. वरून क्लिअर दिला, तो चांगला कडक होऊ दिला, मग साबणाच्या पाण्यात 2000 आणि 3000 नंबरचा वॉटर पेपर लहान रबरी ठोकळ्यावर गुंडाळून फक्त उंचवटा घासला. घासताना पांढरं पाणी येतं ते क्लिअरचं असतं. गाडीच्या रंगाचं पाणी दिसलं की तिथेच हात थांबवायचा. शेवटी कंपाउंड.

माझा रंग मेटॅलिक आहे, तिथे घरच्या कामाची मर्यादा दिसते. स्प्रे गनमधून मारलेल्या रंगात धातूचे कण बऱ्यापैकी आडवे बसतात, ब्रशने किंवा काडीने लावलेल्यात ते कसेही पडतात, म्हणून रेघ जरा गडद वाटते. उभं राहून पाहिलं तर कळत नाही, तिरप्या उन्हात खाली वाकून पाहिलं तर कळते. इतक्या महिन्यांत ती उखडलेली नाही, गंजही नाही. एका ठिकाणी भर थोडी खाली बसली आहे, तेवढंच.

आरशाच्या कव्हरवर हार्डनर (थर कडक करणारं रसायन) नसलेला साधा स्प्रे कॅन वापरून पाहिला होता. त्याची चमक लवकर गेली. हार्डनरवाला क्लिअर कितीतरी टिकाऊ असतो, पण त्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना घातक आहे. साध्या मास्कवर ते घरी मारू नका, हे अगदी मनापासून सांगते.

बॉडी शॉपने शेड सुरेख जुळवली. एकाच कोडच्या रंगातही छटा असतात, म्हणून त्यांनी आधी कार्डावर मारून गाडीशी धरून पाहिला आणि बेस कोट शेजारच्या दारावर थोडा विरवत नेला. आजही दोन पॅनलमध्ये फरक सापडत नाही. तक्रार एकच आहे. मागचा फेंडर छताच्या खांबाला अखंड जोडलेला असतो, क्लिअर संपवायला सांधा नसतो. तिथे तो विरवून सोडला होता आणि आता त्या कडेला एक निस्तेज रेघ उमटली आहे. त्यांनी पॉलिश करून दिलं, काही आठवड्यांनी रेघ परत दिसू लागली. तिथला थरच पातळ आहे, पॉलिशने तो आणखी पातळ होणार. असं काम देताना क्लिअर कुठे संपवणार, हे आधीच विचारून घ्या. जमत असेल तर रंग मारण्याआधी घासलेलं पॅनलही पाहून या.

कारखान्यात नुसता सांगाडा असतो, म्हणून क्लिअर 140 अंशांच्या आसपास भाजता येतो. तयार गाडीत प्लॅस्टिक, रबर, वायरिंग असतं, बॉडी शॉपच्या बूथमध्ये साधारण 60 अंशांवर भागवावं लागतं. म्हणजे कारखान्यासारखा भाजलेला थर पुन्हा मिळत नाही, त्यामुळे एका रेघेसाठी आख्खं दार रंगवून घेणं मला पटत नाही. मूळ रंग जितका राहील तितका राहू द्यावा. पण तळहाताएवढा उघडा पत्रा मी पुन्हा बॉडी शॉपलाच देईन. बंपरच्या कोपऱ्यावरही एक खरवडा आहे. प्लॅस्टिक गंजत नाही, तेव्हा त्याची घाई नाही.