बागेसमोरचा फ्लॅट की मैदानालगतचा? दोन्हीकडे राहून झालंय

आमच्याकडे किनाऱ्यावरच्या शहरांत आता फ्लॅट बघायला येणारे पार्किंगच्या आधी 'समोर काय आहे' ते विचारतात. मी बागेसमोर तीन वर्षं भाड्याने काढली, आता मैदानाला लागून राहतो, त्यामुळे जेवढं अनुभवलं तेवढंच सांगतो.

दिसायला बाग भारी, वादच नाही. मे महिन्यात बागेकडून गार झुळूक यायची, मैदानाकडून लाल धूळ येते आणि फरशी दोनदा पुसावी लागते. पावसात चिखल. बॉल गॅलरीत येतो तो वेगळाच.

पण माझं बिनसलं ते बागेभोवतीच्या मेंदीच्या कुंपणावरून. ऐकायला फालतू वाटेल. उन्हाळ्यात ते कमरेएवढं असायचं, पण आपल्याकडचा पाऊस म्हणजे, एकदा जूनमध्ये लागला की गणपतीपर्यंत त्याला कोणी कात्री लावत नाही आणि मेंदी डोक्याच्या वर जाते. मग बाहेरून आतलं दिसत नाही, आतून बाहेरचं दिसत नाही, त्यात गेट एकच. एका संध्याकाळी लाइट गेली, मुलगी आत, मी गॅलरीतून हाका मारतोय, ओ देईल तर शप्पथ. होती बाकड्यामागे, मैत्रिणीशी गप्पा मारत. झालं काहीच नाही, पण त्यानंतर बायकोने तिला सहानंतर पाठवणं बंद केलं, शेजारच्या काकूंनी नातवाला, आणि बाग ओस पडली म्हणून उरलेलेही जाईनासे झाले.

झाडांवर माझा राग नाही हां. शिकागोच्या ९८ इमारतींवरचा एक अभ्यास २००१ साली आला होता, त्यात जास्त हिरवळ असलेल्या इमारतींपाशी पोलिसांकडच्या गुन्ह्यांच्या नोंदी कमी हिरवळीवाल्यांच्या जवळपास निम्म्या निघाल्या. पण तिथे होती ती उंच झाडं आणि खाली गवत, नजर अडत नाही अशी. आपलं रत्नागिरीजवळच्या भाट्याचं सुरूबन आठवा, खोडांमधून पार समुद्रापर्यंत दिसतं.

मैदानावर एक वड आहे आणि त्याला पार. संध्याकाळी तिथे म्हातारी मंडळी, पलीकडे व्हॉलीबॉल, कोपऱ्यात भेळवाला. आई बागेत फेऱ्या मारून अर्ध्या तासात घरी यायची, आता पारावर बसते ती दीड तास, गुडघे तेवढेच दुखतात पण तक्रार कमी झालीये. मुलगी कुठे आहे हे मला न बघताच कोणीतरी खालून सांगतं. कधीकधी नको तेवढं सांगतात, ते असो.

तुमच्या घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस नसेल आणि शांतता हवी असेल तर बागच घ्या, मी अडवणार नाही. फक्त ब्रोकर डिसेंबरात सकाळी दाखवतो, तुम्ही एकदा ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातला जाऊन या.