रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर क्रोम एक्स्टेन्शन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज सर्व्हरवर अनेकजण एकाच वेळी रिमोट डेस्कटॉपने काम करतात, तिथे ज्याने त्याने आपापली एक्स्टेन्शन्स टाकणं अजिबात परवडत नाही. म्हणून सगळा कारभार क्रोमच्या ‘एक्स्टेन्शन सेटिंग्ज’ या ग्रुप पॉलिसीवर (ॲडमिनने सगळ्यांसाठी एकाच जागेवरून लावायच्या नियमावर) नेला. काही महिन्यांनंतरचं मत स्पष्ट आहे: पद्धत उत्तम आहे, पण ‘परवानगी नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ परवानगीत नसतंच.

मांडणी सोपी आहे. तारांकनासमोर (* म्हणजे सगळी एक्स्टेन्शन्स) ‘ब्लॉक्ड’, आणि हव्या त्या एक्स्टेन्शनचा ३२ अक्षरी आयडी टाकून ‘फोर्स इन्स्टॉल्ड’, म्हणजे ते सगळ्यांकडे आपोआप बसतं. एरवी अपडेटमध्ये जास्तीची परवानगी मागितली गेली की क्रोम ते एक्स्टेन्शन बंद करून वापरणाऱ्याच्या होकाराची वाट बघतं. फोर्स इन्स्टॉल्डमध्ये होकार गृहीत असतो, काम अडत नाही. पण याचाच धोका असा, की नवी परवानगी कुणाच्याही नकळत आत येते. त्यामुळे नको असलेल्या परवानग्या ‘ब्लॉक्ड परमिशन्स’मध्ये आणि बँकेच्या साइट्स ‘रनटाइम ब्लॉक्ड होस्ट्स’मध्ये (एक्स्टेन्शनने हात लावायचा नाही अशा साइट्सच्या यादीत) टाकल्याशिवाय ही पॉलिसी लावूच नका.

फक्त अकाउंट्स विभागाला एखादं एक्स्टेन्शन जास्त द्यायचं असेल तर जपून. हीच पॉलिसी मशिन आणि युजर दोन्हीकडे असली तर याद्या आपोआप एकत्र होत नाहीत. मशिनची लागू होते, युजरची बाजूला पडते. क्रोमच्या पॉलिसी पानावर (chrome://policy) हे लगेच दिसतं, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.

खरी डोकेदुखी डिजिटल सहीची. सही करणारं एक्स्टेन्शन सर्व्हरवरच्या एका छोट्या प्रोग्रामशी बोलतं; त्यालाच ‘नेटिव्ह मेसेजिंग होस्ट’ म्हणतात. ‘नेटिव्ह मेसेजिंग होस्ट सापडला नाही’ अशा अर्थाचा एरर एकाला येतो आणि दुसऱ्याला येत नाही, तेव्हा बहुधा इन्स्टॉलरने त्या प्रोग्रामची नोंद एकाच युजरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) केलेली असते. ती एचकेएलएममध्ये, म्हणजे रजिस्ट्रीच्या सगळ्या युजर्सना लागू होणाऱ्या भागात करा, प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवा. ‘प्रवेश निषिद्ध’ असा एरर असेल तर त्या प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमधल्या (माहितीच्या फाइलमधल्या) ‘अलाउड ओरिजिन्स’मध्ये एक्स्टेन्शनचा आयडी बरोबर आहे का आणि शेवटची तिरकी रेघ आहे का ते बघा. ती रेघ सुटली तरी जोडणी होत नाही.

काही सही-प्रोग्राम लोकलहोस्टवर (मशिनच्या स्वतःच्याच आतल्या पत्त्यावर) ठरलेला पोर्ट, म्हणजे संपर्काचा क्रमांक, उघडतात. सर्व्हरवर सगळ्यांचा लोकलहोस्ट एकच! पहिल्याने पोर्ट धरला की दुसऱ्याचा प्रोग्राम सुरू होत नाही, किंवा त्याचं एक्स्टेन्शन भलत्याच सेशनशी बोलू लागतं. ‘नेटस्टॅट’ या कमांडमध्ये पोर्टसमोरचा प्रोसेस आयडी बघून तो कोणाच्या सेशनचा आहे ते टास्क मॅनेजरमध्ये शोधा. यावर परवानग्या बदलून काहीही होणार नाही. प्रोग्राममध्ये पोर्ट बदलण्याची सोय नसेल तर सही करणाऱ्याला स्वतंत्र मशिन देणंच सुरक्षित.

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन सर्व्हरला लावूनही दिसत नाही? टोकन विंडोजला स्मार्ट कार्ड म्हणून दिसतं, आणि रिमोट सेशनमध्ये स्मार्ट कार्डची विचारणा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकाकडे वळते. टोकन तिथेच लावा आणि कनेक्शनच्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये स्मार्ट कार्ड सुरू ठेवा. ड्रायव्हर मात्र दोन्हीकडे लागतो.

रोमिंग प्रोफाइल (युजरसोबत एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाणारं प्रोफाइल) असेल तर एक्स्टेन्शनची स्वतःची सेटिंग्ज ‘लोकल ॲपडेटा’त राहतात आणि सोबत येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एफएसलॉजिक्सच्या प्रोफाइल कंटेनरमध्ये अख्खं प्रोफाइल सोबत येतं, त्यामुळे ही अडचण राहत नाही.