निवृत्त ॲम्ब्युलन्सचा कॅम्पर: ट्रकवाली घ्यावी की व्हॅनवाली?

कॅम्पर, म्हणजे राहता येईल अशी फिरती गाडी, बनवायला अमेरिकेत जुनी ॲम्ब्युलन्स मिळणं सोपं आहे. शहरं, काउंटी, अग्निशमन दलं ठरावीक वर्षांनी गाड्या बदलतात आणि जुन्या लिलावात काढतात. अवघड आहे ते निवडणं. फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात, पांढरा चौकोनी डबा आणि आत कपाटांची रांग. फरक असतो तो डब्याखाली.

टाइप १ म्हणजे ट्रकच्या चासीवर बसवलेला डबा; फोर्डच्या एफ-३५० आणि एफ-४५० यातल्या नेहमीच्या. टाइप ३ म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड आणि मागे तसाच डबा, ई-३५०, ई-४५०. टाइप २ ही नुसती उंच छताची व्हॅन. ती शहरात सोयीची, पण तिला डबाच नाही, म्हणून इथे तिचा विचार करत नाही.

डब्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. ॲल्युमिनियमची वेल्ड केलेली चौकट, बहुतेक डब्यांत सहा फुटी माणूस उभा राहील एवढी उंची, बाहेरून उघडणारे कुलपाचे कप्पे, दणकट अल्टरनेटर, बऱ्याच गाड्यांत इन्व्हर्टर आणि बाहेरून वीज घ्यायचा प्लग. इतका भक्कम डबा नव्याने बांधायला गेलात तर खर्च झेपणार नाही. उणीव एकच, पण मोठी: ॲल्युमिनियममधून थंडी थेट आत येते आणि हिवाळ्यात सकाळी भिंती आतून ओल्या होतात. इन्सुलेशन आणि डिझेल हीटरचे पैसे दोन्ही प्रकारांत बाजूला काढावेच लागतील.

आता मुख्य मुद्दा. एफ मालिकेत फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, कारखान्यातूनच मिळतं. पुढे अखंड ॲक्सल, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस, आणि सुटे भाग लहान गावातल्या फोर्डवाल्याकडेही मिळण्यासारखे. बर्फाळ आणि डोंगराळ काउंटींनी या गाड्या मुद्दाम घेतलेल्या असतात. ई मालिकेत फोर्डने फोर-बाय-फोर कधीच दिलं नाही. क्विग्लीसारख्या कंपन्या ते बसवून देतात, पण त्याचा खर्च लिलावातल्या गाडीच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो. म्हणून माझं स्पष्ट मत: ‘आधी स्वस्तात व्हॅनवाली घेऊ, फोर-बाय-फोर नंतर करू’ हा बेत करू नका. फोर-बाय-फोर हवंच असेल तर पहिल्या दिवसापासून ट्रकवाली शोधा, ती मिळायला सहा महिने लागले तरी चालेल.

पण ते खरंच हवं आहे का? रिकामी ॲम्ब्युलन्ससुद्धा साडेचार-पाच टनांची असते. डबा आठ फुटांच्या आसपास रुंद, उंची नऊ फुटांच्या वर. मागचा भाग चाकांच्या बराच पलीकडे जातो आणि पायरीचा बंपर खाली लोंबतो, त्यामुळे ओढ्यातून वर चढताना आधी तोच टेकतो. मागे जोडचाकं असतात. दोन टायरांच्या फटीत दगड अडकतो आणि बाजूची भिंत कापतो. कोलोरॅडोतल्या १२,८०० फुटांवरच्या इंजिनियर पाससारख्या अरुंद वाटेवर समोरून जीप आली की ही रुंदी फार जाचते, मग गाडी कितीही चाकांनी ओढणारी असो. युटातला कॉटनवुड कॅनियन रोड पावसात भिजला की त्याची माती अशी निसरडी होते की फोर-बाय-फोरही हतबल ठरतं. तिथे वाट सुकायची वाट पाहणं हाच उपाय. उलट व्हॅली ऑफ द गॉड्सची १७ मैलांची कच्ची वाट कोरड्या दिवसांत साध्या ई-४५० नेही होते. मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), चांगले टायर आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर एवढ्यावर वाळवंटातले बरेचसे मुक्काम गाठता येतात. टायरांचाही एक फरक लक्षात घ्या: ई-४५० ला १६ इंची चाकं आहेत, एफ-४५० ला १९.५ इंची, आणि त्या मापात कच्च्या रस्त्याच्या टायरांची निवड बरीच कमी आहे.

इंजिनाचं वर्ष चुकलं तर बाकी सगळं व्यर्थ. फोर्डचं ७.३ लिटरचं पॉवरस्ट्रोक डिझेल २००३ पर्यंत आलं. मिळालं तर डोळे झाकून नव्हे, पण आनंदाने घ्यावं. त्यानंतरचं ६.० (एफमध्ये २००७ पर्यंत, ईमध्ये २०१० पर्यंत) ईजीआर कूलर, ऑइल कूलर आणि हेड गॅस्केटसाठी बदनाम आहे; दुरुस्तीची कागदपत्रं नसतील तर सोडून द्या. २०१० नंतर ई मालिकेत डिझेल बंदच झालं. तिथल्या जुन्या गाड्यांत बहुधा ६.८ चं व्ही१० (दहा सिलिंडरचं) पेट्रोल सापडतं, पिणारं पण साधं. उंच घाटांत त्याचा दम लागतो.

आणि मैलांवर जाऊ नका, तास विचारा. ॲम्ब्युलन्स तासन्‌तास उभ्या जागी चालू असते, कारण आतली औषधं आणि उपकरणं गरम होऊन चालत नाहीत. उभ्याने चाललेला एक तास म्हणजे सुमारे ३३ मैल, असा हिशेब फोर्डनेच पोलिसांच्या गाड्यांसाठी दिला आहे. ६०,००० मैल दाखवणारी गाडी त्यामुळे बरीच जास्त झिजलेली असू शकते.

कुटुंबाचा विचार केला तर पारडं व्हॅनवालीकडे झुकतं. टाइप ३ मध्ये पुढून मागे उठून जाता येतं. टाइप १ मध्ये मध्ये सहसा छोटी खिडकीच असते. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येणार असतील तर उंच ट्रकमध्ये चढणं त्यांच्या गुडघ्यांना नको होतं. बाजूला तोंड असलेल्या बाकावर मुलांची कार सीट मात्र कुठल्याच प्रकारात बसवू नका. पुढे तोंड असलेली, पट्ट्यांची नीट सीट चासीला धरून बसवून घ्या.

कायद्याचं काम दोन्हीकडे सारखंच: लाल दिवे, सायरन, ‘ॲम्ब्युलन्स’ ही अक्षरं आणि निळा स्टार ऑफ लाइफ (ॲम्ब्युलन्सवरचं सहा टोकांचं चिन्ह) काढायचा, ते चिन्ह संघराज्याच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या मालकीचं आहे. बोली लावण्याआधी विमा कंपनीला फोन करा, कारण बऱ्याच कंपन्या घरी केलेल्या रूपांतराला नकार देतात. कॅलिफोर्नियात राहत असाल तर दारावरच्या पट्टीवरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन, बघा: १४,००० पाऊंडांच्या वरच्या डिझेल गाड्यांना क्लीन ट्रक चेक ही धुराची तपासणी लागू होते, आणि ई-४५० व एफ-४५० सहसा त्या रेषेच्या पलीकडेच असतात.

दोन मुलं, आठवड्याच्या सुट्ट्या, राष्ट्रीय उद्यानांच्या आसपासचे कच्चे रस्ते असं तुमचं चित्र असेल तर २००३ च्या आधीची ई-३५० किंवा ई-४५० घ्या आणि वाचलेले पैसे इन्सुलेशन, सीट आणि टायरांत घाला. बर्फात राहायचं असेल, वाळूत आठवडे काढायचे असतील, तर एफ-३५० फोर-बाय-फोर. ती मीठ टाकणाऱ्या ईशान्येकडच्या राज्यातली असेल तर आधी गाडीखाली झोपून टॉर्चने डब्याचे माउंट आणि चासीचा गंज बघा. डब्याचा ॲल्युमिनियम चकचकीत असतो, चासी पोलादाची असते.