पहिली चाळीस पानं जड जातात, सोडू नका

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्या लिहिल्या, त्यात स्वतःचं वाचन कधी सुटलं ते कळलंच नाही. नाहीतर आमच्या बडोद्यात वाचायला निमित्त लागत नव्हतं. संस्थानात वाचनालयं उभी करायला सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणला होता. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आजोबा मला न्यायचे. तिथं कपाटांमधली जमीन काचेची. वर कोणी चाललं की खालून त्याच्या पावलांच्या सावल्या दिसायच्या. मी पुस्तक सोडून तेच बघत बसायचो.

रिटायर झाल्यावर लेकीनं फोनवर मराठी पुस्तकांच्या एका ऑनलाइन दुकानाचं ॲप टाकून दिलं. आठ महिने वापरतोय, म्हणून लिहितो.

'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून जी यादी येते तिच्या नादी लागू नका. नातवासाठी एकदा बाराखडीचं पुस्तक घेतलं, तर महिनाभर मला रंगवायची पुस्तकं सुचवत होते.

खरा माल खाली आहे, वाचकांच्या शेऱ्यांत. नर्मदा परिक्रमेच्या एका प्रवासवर्णनाखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'पहिली चाळीस पानं जड जातात, सोडू नका. गरुडेश्वरापर्यंत या, मग बोला.' गरुडेश्वर म्हटल्यावर मी कसला थांबतोय! टेंबे स्वामींच्या समाधीला आईबरोबर एसटीनं किती वेळा गेलो असेन. लगेच मागवलं. एकोणतिसाव्या पानावर मिटून ठेवणार होतो, तेवढ्यात तो शेरा आठवला. मग घाटाच्या पायऱ्या आल्या, ओलं धोतर पायरीवर पसरून बसलेला लेखक आला, पायाचे फोड आले. 'अहो, दिवा बंद करा आता,' असं आतून तिसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा दीड वाजला होता. त्याआधीचे दोनदा मला ऐकूच आले नव्हते.

त्या शेरेवाल्यानं आणखी कशावर काय लिहिलंय ते शोधून काढलं. त्याच्या शब्दावर चार पुस्तकं घेतली, तीन बरोबर लागली. चौथं माळ्यावर आहे.

ई-पुस्तक मात्र यांच्याकडून घेऊ नका. छापील पानांचे नुसते फोटो काढून ठेवलेत. अक्षर मोठं करावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. पैसे परत मागितले तर 'डिजिटल खरेदी परत होत नाही.' माझा एक तारा तिथं गेला.

छापील पुस्तकाचं पॅकिंग उत्तम, भर पावसातही कोरडं आलं. कुरियरवाला मात्र दांडिया बाजारातले आमचे दोन जिने चढत नाही, खाली सेव उसळवाल्याकडे पुडकं टाकून जातो. परवाच्या पुडक्यावर तर्रीचा डाग होता. तो दुकानाच्या खात्यात धरलेला नाही. सेव उसळवाला आता मला बघितल्याबरोबर हाक मारतो, 'काका, चोपडी आवी!'

पाचपैकी चार तारे.