शेवटचा शब्द मुलांनी म्हणायचा: पाळीव प्राण्यांवरच्या गमतीदार कवितांचं पुस्तक

पहिली-दुसरीच्या वर्गात गेले दोन महिने हे पुस्तक रोज हाताशी आहे. मांजर, कुत्रा, ससा, पोपट, मासा अशा घरातल्या प्राण्यांवरच्या छोट्या कविता. बहुतेक आठ-दहा ओळींच्या, पानभर चित्रासकट. मुलांच्या हातात देऊन 'वाचा' म्हणालात तर निम्मी गंमत जाईल, असं माझं ठाम मत आहे. या कविता मोठ्याने म्हणायच्या आहेत.

मांजराच्या कवितेत दोन ओळी आहेत: 'सोळा तास ते गाढ निजले, उठले, वळले, पुन्हा...' इथे मी थांबले आणि पुस्तक छातीशी धरलं. 'भिजले!' कुणी ओरडलं. 'थिजले!' 'विझले!' एकाने हळूच विचारलं, "बाई, निजले?" मी पान फिरवलं तर चित्रात मांजर पाठ करून झोपलेलं. वर्ग असा काही हसला की पुढची पाच मिनिटं मला बोलताच आलं नाही. यमक म्हणजे काय हे त्या दिवशी व्याख्या न सांगता कळलं. अक्षरं अजून अडखळत वाचणारी मुलंही यात मागे पडत नाहीत, कारण कानाला यमक आधीच ऐकू येतं.

कवी जिथे प्राण्याकडे नीट बघतो तिथे विनोद पक्का बसतो. मांजर खरंच दिवसातले 12 ते 16 तास झोपतं. माशाला पापण्या नसतात, म्हणून तो उघड्या डोळ्यांनी झोपतो आणि घरातल्यांना वाटतं की हा आपल्यावर पाळत ठेवतोय. ही कविता मला सगळ्यात आवडली. पण त्यापुढचीच कविता गोल्डफिशच्या विसराळूपणावर आहे. तीन सेकंदांत सगळं विसरतो म्हणे. हा गैरसमज आहे. गोल्डफिश शिकलेली गोष्ट महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो, प्रयोगांतून ते दिसलंय. सहा वर्षांचं मूल हसता हसता ऐकलेलं जन्मभर खरं मानतं, म्हणून ते पान मी वगळते.

कुत्र्याची कविता वाचायच्या आधी मात्र जरा चौकशी करा. मी केली नव्हती. बूट पळवणाऱ्या कुत्र्यावर सगळे हसत होते आणि एक मुलगा बाकावर डोकं टेकवून बसला होता. त्याचा कुत्रा आदल्याच आठवड्यात गेला होता. मी पुस्तक मिटलं, त्याच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "आमचापण बूट न्यायचा. एकच न्यायचा, डावा." मग वर्गाने त्याला डाव्या बुटाबद्दलच दहा प्रश्न विचारले आणि त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. आता एखाद्या प्राण्याची कविता काढायची असेल तर मी आदल्या दिवशीच विचारून ठेवते की हा कुणाकुणाच्या घरी आहे, कुणाकडे होता.

सशाच्या कवितेनंतर मी सांगितलं की सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि कुरतडून कुरतडून ते झिजवावे लागतात. मधल्या सुट्टीत दुसरीतल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं:

ससा म्हणतो, माझे दात
वाढत राहतात दिवसरात!

तेव्हापासून रोज कुणी ना कुणी दोन ओळी आणतंच. लिहिता न येणारे तोंडी सांगतात, मी उतरवून घेते.

तक्रारी दोन. शेवटच्या काही कवितांत जोडाक्षरांची गर्दी आहे, पहिलीतल्या मुलांची जीभ तिथे अडते आणि ठेका तुटतो. पोपटाच्या कवितेत तर शेवटी उगाच उपदेश चिकटवलाय, त्या चार ओळी मी म्हणतच नाही. बाकी टाइप मोठा, ओळींमध्ये मोकळी जागा भरपूर, चित्रं स्वच्छ. बांधणी मात्र वर्गाच्या वापराला पुरत नाही. सशाचं पान दुसऱ्याच महिन्यात सुटलं, चिकटपट्टी लावून ठेवलंय.