नऊ लिटरचं बिल, सहा लिटरची गाडी

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदलण्यात कोण काय फसवणार असं वाटत असेल तर हे वाचा. गाडी मॅझदा मियाटा, १९९० ची, १.६ इंजिनवाली. काम साधं, जुनं कूलंट काढा, फ्लश करा, नवीन भरा. "जुन्या स्पोर्ट्स कार म्हणजे आमचा हातखंडा" असं सांगणाऱ्या गॅरेजला दिली. बिलावरचं जसंच्या तसं देतो: कूलंट कॉन्सन्ट्रेट ६ लिटर, डीआयोनाइज्ड पाणी ३ लिटर, इंजिन ब्लॉकसकट पूर्ण ड्रेन, फ्लश, एअर ब्लीडिंग, प्रेशर टेस्ट.

आता आकडे परत बघा. सहा नि तीन नऊ. या गाडीत रेडिएटर, ब्लॉक, हीटर सगळं धरून मावतं ६ लिटर! निम्मं पाणी धरलं तर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, लागतं ३ लिटर, बास. उरलेलं काय बॉनेटवर ओतलं? आणि हे बिल माझ्या हातात होतं, वाचलं होतं, गाडीत किती मावतं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, आणि त्याच हाताने सही केली, आठवलं की अजून डोकं फिरतं. पण तेव्हा तो माणूस समोर उभा राहून सांगत होता की रेडिएटरची वरची टाकी तपकिरी पडलीये, कधीही फुटेल, आणि हे खरंच आहे, या गाड्यांची काळी प्लॅस्टिकची टाकी तपकिरी पडली की ती जायला आलेली असते, त्यामुळे वाटलं माणूस जाणकार आहे. एक खरं सांगायचं नि त्याच्या आडून दहा खोटी खपवायची, ही यांची पद्धत. काउंटरवर उभं राहून लिटरच्या बेरजा कोण करतं हो?

शिवाय गाडी गरम गेली होती. इंजिन गरम असताना रेडिएटरचं कॅप उघडत नाहीत, आत प्रेशर असतं, उकळतं कूलंट सरळ तोंडावर येतं. नीट थंड व्हायलाच जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गाडी पुसूनबिसून तयार. मी वर त्यांचे आभार मानले.

नंतर डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज, गाडी उभी ठेवून इंजिन चालू असलं की हीटर गार, म्हणजे आत हवा अडकलेली, बिलातलं एअर ब्लीडिंग म्हणजे हीच हवा काढणं. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे कूलंट किती तापमानाला गोठेल ते दाखवणारं यंत्र, लावला तर उणे १२ अंश. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ च्या आसपास दाखवायला हवं. तुमच्याकडे थंडी नसेल तरी हसू नका, ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, कमी म्हणजे उकळायला लवकर आणि गंज रोखणारं केमिकलही कमी, इथे ब्लॉक लोखंडी नि हेड अॅल्युमिनियमचं, एकदा तापून हेड वाकलं की संपलं.

उणे १२ म्हणजे साधारण २५ टक्के ग्लायकॉल. रेडिएटरचा खालचा प्लग उघडला की जेमतेम निम्मं निघतं, बाकी ब्लॉकमध्ये नि हीटरमध्ये राहतं. म्हणजे जुनं निम्मं-निम्मं मिश्रण ३ लिटर तसंच आणि वरून ३ लिटर जवळपास नुसतं पाणी, हिरवा रंग दिसण्यापुरतं काहीतरी टाकून. गाडीखाली शिरलो तर ब्लॉकच्या ड्रेन बोल्टवर वर्षानुवर्षांचा चिकट मळ जसाच्या तसा, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. आणि बिलात "ब्लॉकसकट"!

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी याला काही पक्का नियम नाही, कंपनीगणिक बदलतं, डब्यावरचा टाइप वाचा.

तक्रारीचं तर बोलूच नका. ग्राहक तक्रार कक्षाने विचारलं, त्यांनी पाणीच घातलं याचा लॅब रिपोर्ट आहे का. म्हटलं बिलावरच ९ लिटर लिहिलंय, बेरीज करायला लॅब लागते का, तर म्हणे गाडीची कपॅसिटी हा तांत्रिक मुद्दा आहे, तज्ज्ञाचं पत्र आणा. अहो गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलंय! मॅन्युअलचं पान दिलं तर ते "पक्षकाराने सादर केलेलं" म्हणून चालत नाही. पोलिसांनी दिवाणी मामला म्हणून हात झटकले. कूलंटच्या कंपनीने डब्याचा बॅच नंबर मागितला, डबा असता तर रडलो असतो कशाला? आणि गॅरेजवाला म्हणतो तुम्ही सही केलीय. एकजण तरी म्हणाला का की साहेब सहात नऊ मावत नाहीत?

रिकामे डबे मागून घ्या, भरायच्या आधी सील तुमच्यासमोर तोडायला लावा. किती लिटर निघालं ते मोजायला सांगा, मियाटात ३ वर थांबले तर ब्लॉक उघडलेला नाही.

शेवटी स्वतःच केलं. इंजिन पूर्ण गार, ब्लॉकचा बोल्ट उघडला, हीटरचा नॉब फुल गरमवर, गाडीचं नाक जॅकवर उंच, कॅप काढून गार असतानाच इंजिन सुरू केलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह) उघडून बुडबुडे थांबेपर्यंत थांबत थांबत भरलं. आता रीडिंग उणे ३६. काढलेलं कूलंट कॅनमध्ये सील करून, तारीख टाकून, कुलूपबंद ठेवलंय, कारण ते गोड लागतं आणि कुत्री-मांजरं थोडं जरी चाटलं तरी मरू शकतात, गटारातही ओतू नका. तक्रार कक्षाला कळवलं की नमुना तयार आहे, तर उत्तर आलं, नमुना गॅरेजच्या माणसासमोर काढायला हवा होता.