पद्मिनी रिस्टोअरला दिली, तिचं इंजिनच गेलं

जुनी गाडी कुणाकडे रिस्टोअरला देण्याच्या विचारात असाल तर आधी एक काम करा. बॉनेट उघडा, इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर फडक्यानं पुसून घ्या, आरसीशी ताडून बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही, म्हणून हे सगळं लिहितोय.

माझी गाडी म्हणजे १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी अशी नावं बदलत कुर्ल्याच्या कारखान्यातून जी गाडी निघत राहिली, तिच्यातली अगदी सुरुवातीची पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. नोव्हेंबर २०२२ मध्ये मिरजेच्या एका निवृत्त गुरुजींकडून ती ८५,००० रुपयांना घेतली. गुरुजींनी एकही दोष लपवला नाही. डावा मडगार्ड चेपलेला, टपावरचा रंग उन्हानं तडकलेला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा थोडा गळलेला, चढाला निळसर धूर. पण इंजिन पहिल्यापासूनचं होतं आणि ते एकदाही बोअर केलेलं (म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे केलेलं) नव्हतं. "हिला घाई चालत नाही, चोक ओढून दोन मिनिटं थांबायचं," एवढंच सांगून त्यांनी किल्ली हातात दिली. मिरज ते कोल्हापूर मी ती चालवतच आणली. तिकोनी काच उघडली की वारा थेट छातीवर येतो. ते सुख ज्यानं घेतलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

तीन महिने मी ती तशीच वापरली, आणि तशीच वापरत राहायला हवी होती. पण पेट्रोल पंपावर कुणीतरी म्हणायचं, "रंग मारून घ्या की, झकास दिसेल." मलाही ते पटू लागलं. पुण्याबाहेर जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या एका गॅरेजचं नाव ओळखीतून कळलं. (नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.) तिथे गेलो तर दारातच चेरीच्या रंगाची एक फियाट उभी, आरशासारखी चकचकीत. मालक गोड बोलणारा. पहिल्याच भेटीत त्यानं माझ्यापुढे एक आमिष टाकलं. म्हणाला, "सर, चौऱ्याहत्तरचं मॉडेल ना? पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण. व्हिंटेजमध्ये नोंदवू, व्हीएचा नंबर मिळेल, किंमत कुठल्या कुठे जाईल."

हा नियम खरोखरच आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं तो आणला. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि मोटारींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण त्याच नियमात लिहिलंय की गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांपुरतीच ती बाहेर काढायची. मला तर रविवारी पन्हाळ्याला जायचं होतं, जोतिबाला जायचं होतं! नियम घरी बसून नीट वाचला असता तर त्या माणसाला यातलं काही माहीत नाही, किंवा माहीत असूनही तो सांगत नाही, हे त्याच दिवशी कळलं असतं. व्हिंटेजचं नाव काढून तुम्हाला कुणी पूर्ण रिस्टोरेशन विकू लागला, तर या गोष्टी त्यालाच विचारा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडी दिली. अंदाज २ लाख ४० हजारांचा, मुदत चार महिन्यांची. अंदाज म्हणजे वहीचं फाडलेलं पान: 'बॉडी फुल, पेंट, इंजिन काम, इंटेरियर' आणि खाली बेरीज. कुठला पत्रा बदलणार, कुठला ठेवणार, इंजिनात नेमकं काय करणार, यातलं त्यावर काहीच नव्हतं. इंजिन नंबर नव्हता, चेसिस नंबर नव्हता. ॲडव्हान्स एक लाख, तो मी बँकेतून पाठवला. पुढची मागणी ७५ हजारांची आली तेव्हा म्हणाला, "कॅशच द्या सर, नाहीतर जीएसटी लागेल." मी दिले. मग ६० हजार, मग ९० हजार, मग पुन्हा ६० हजार. एकूण ३ लाख ८५ हजार गेले, त्यातले २ लाख २५ हजार रोख. त्या रोखीची एकही पावती माझ्याजवळ नाही.

कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. दर आठवड्याला जाणं होत नव्हतं, म्हणून तो व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा. फ्लोअर कापलेला, नवा पत्रा वेल्डिंगनं जोडलेला, त्यावर लाल रेड ऑक्साइडचा प्रायमर. फोटो बघून मी खूश व्हायचो आणि घरात सगळ्यांना दाखवायचो. नंतर वकिलांना द्यायला तेच फोटो काढून बसलो तेव्हा एका फोटोवर नजर थांबली. फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यावर गोल भोक होतं. खालच्या गिअरच्या दांड्याचं भोक. तसा गिअर अगदी शेवटच्या काळातल्या पद्मिनींना आला. माझ्या गाडीचा गिअर स्टिअरिंगवर आहे! वर्षभर तो माणूस मला दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे फोटो पाठवत होता आणि ते भोक माझ्या डोळ्यांसमोर होतं.

म्हणून सांगतो, फोटो मागवाल तेव्हा गाडीची नंबरप्लेट किंवा चेसिस नंबर त्याच फोटोत यायला हवा, आणि त्या दिवसाचा पेपर शेजारी ठेवायला लावा. त्याहून महत्त्वाचं, रंग निघाल्यावर आणि प्रायमर बसायच्या आधी, उघडा पत्रा स्वतः जाऊन हातानं तपासा. त्या दिवसासाठी रजा काढा, गाडीखर्च करा, पण चुकवू नका. एकदा प्रायमर चढला की आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

एप्रिल २०२४ मध्ये गाडी आली. दिसायला देखणी होती, ते नाकारत नाही. गल्लीतली पोरं येऊन तिच्यात तोंड बघत होती. चालवताना मात्र काहीतरी वेगळं वाटत होतं. गुरुजींच्या गाडीचा आवाज खर्जातला आणि संथ होता, ही आता फटफट बोलत होती. मला वाटलं, नवीन काम आहे, पिस्टनच्या रिंगा बसायच्या असतील.

जुलैत पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत दाराखालच्या पट्टीवर फोड आले. मोहरीएवढे होते, आठवड्यात वाटाण्याएवढे झाले. एकावर अंगठा दाबला तर रंगाची पापडी कचकन आत गेली आणि तांबूस पाण्याची धार मनगटावर आली. त्या पाण्याला गंजाचा आणि डांबराचा मिळून एक वास होता, तो अजून नाकातून जात नाही.

उद्यमनगरातले एक जुने मेस्त्री आहेत, फियाटवरच ज्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी खिशातून छोटं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दारावरून खाली फिरवत आणलं. वर ते पत्र्याला घट्ट धरत होतं. खालच्या वीतभर भागात आल्यावर सरळ जमिनीवर पडलं. मागच्या मडगार्डवर तेच, डिकीच्या तळाशी तेच. मग बोटाच्या पेरानं ठोकून दाखवलं. चांगला पत्रा टणटण वाजत होता, खालचा भाग थपथप. "साहेब, ह्यात पत्रा कमी आणि लांबीच जास्त हाय," ते म्हणाले. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. चटई उचलून डांबरी थर खरवडला तर खाली जुना गळलेला पत्रा तसाच, त्यावर फायबरची जाळी, त्यावर लांबी आणि चार ठिकाणी रिबिटा मारलेल्या पत्र्याच्या चकत्या. वेल्डिंगचा एक टाका नव्हता. या गाडीला वेगळी चेसिस नसते, फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या मिळूनच तिचा सांगाडा असतो. म्हणजे मी माझ्या माणसांना लांबीच्या आधारावर बसवून हायवेनं फिरत होतो. पैशांपेक्षा या गोष्टीनं मला जास्त हादरवलं.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. कार्बोरेटर बराच वेळ न्याहाळला आणि मला जवळ बोलावलं. त्याच्या गळ्याला दोन बाजूंनी भोकं पाडून ती एम-सीलनं बुजवलेली होती. "ही टॅक्सी हाय. गॅसवर चाललेली." ब्लॉकवरचा रंग घासला, नंबर वाचला. तो माझ्या आरसीवरचा नव्हता.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. हजारो गाड्या त्याआधीच भंगारात निघाल्या होत्या, त्यांची लाखो किलोमीटर पळालेली इंजिनं भंगारात स्वस्तात मिळतात. असं एक इंजिन रंगवून माझ्या गाडीत बसवलं आणि गुरुजींनी इतकी वर्षं जपलेलं, बोअर न केलेलं इंजिन काढून घेतलं. अशा इंजिनाला खऱ्याखुऱ्या शौकिनांत चांगला भाव आहे, हे मला नंतर कळलं. आणि ज्या व्हिंटेज नोंदणीचं आमिष दाखवलं, तिचा रस्ताही याच कामानं बंद झाला.

फोन केला तर उत्तर तयार होतं: "जुनं इंजिन क्रॅक होतं सर, तुमच्या भल्यासाठीच बदललं." मग जुना ब्लॉक कुठाय? "भंगारात गेला." चौकीत गेलो, तिथे दिवाणी मामला म्हणून परत पाठवलं. तेवढ्यात नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, माझं २०२४ मध्येच होतं. पासिंगला इंजिन नंबर जुळेना. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि जबाबदार मालक, गॅरेजवाला नव्हे. हे इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर, या विचारानं मला कितीतरी रात्री झोप नव्हती.

वकिलाची नोटीस गेल्यावर तो थोडा नरमला. बसवलेल्या इंजिनचा नंबर लिहिलेली भंगारवाल्याची पावती दिली आणि ४०,००० रुपये परत केले. त्या पावतीवर चार महिने खेटे घालून इंजिनबदल आरसीवर चढवला आणि नूतनीकरण झालं. उरलेल्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, हे ध्यानात ठेवा. आयोगापुढे माझ्या बाजूनं उभे आहेत ते फक्त बँकेतून गेलेले १ लाख ६० हजार, ते भोकाचे फोटो आणि मेस्त्रींनी लिहून दिलेला अहवाल.

गाडीचं काम आता मेस्त्रींकडेच सुरू आहे, एका वेळी एकच भाग. त्यांची रीत साधी. काढलेला प्रत्येक तुकडा, गंजका असला तरी, पोत्यात भरून मालकाच्या हवाली करायचा. आधी फ्लोअर झाला, मग उजवी पट्टी. त्यासाठी लागणारा पत्रा मीच दुकानातून आणला आणि टाका पडताना शेजारी उभा राहिलो. डावी पट्टी दिवाळीनंतर. चेपलेला मडगार्ड आम्ही तसाच ठेवलाय आणि उजव्या बाजूला अजून नुसता रेड ऑक्साइड आहे. गेल्या रविवारी तशीच ती घेऊन पन्हाळ्याला जाऊन आलो. वाघबीळच्या चढाला टॅक्सीचं इंजिन धापा टाकत होतं, पण चढलं.

मिरजेच्या गुरुजींना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचा फोन आला की ते पहिल्यांदा इंजिनचीच चौकशी करतात. त्यांनी इंजिनात ऑइल ओतायच्या झाकणावर हिरव्या ऑइलपेंटनं एक छोटा स्वस्तिक काढला होता, दर दसऱ्याला त्यावर नवा हात फिरवायचे. कुणाच्या गॅरेजात, भंगारात किंवा विकत घेतलेल्या फियाटमध्ये तसं झाकण दिसलं, तर ब्लॉकवरचा नंबर टिपून घ्या आणि मला कळवा. आरसीची प्रत घेऊन मी त्याच दिवशी निघेन.